डावीकडची जागा

१

पहिला बार कुणाचा होता?

भावाचं दफन करून परततानाच अल्लालने हे पथकातल्या माणसांना विचारायला सुरुवात केली. तिसऱ्या दिवशी घरी जेवायला आलेल्यांनाही विचारलं. कुणी म्हणालं, "धुरात काय कळतंय, भावा." कुणी त्याचा खांदा थोपटला. कुणी हातातला घास ताटात ठेवून हात धुवायला उठलं. पथकाचे मुकादम सी जिलाली यांनी तर ऐकलंच नाही असं दाखवलं. ते चहाची किटली उंच धरून पेल्यात धार सोडत राहिले. पेला भरून वाहिला तरी सोडत राहिले.

दुक्काला नावाच्या त्या समुद्रकाठच्या सपाट मुलखात उरूस म्हणजे घोडे, आणि घोडे म्हणजे बारूद. दहा स्वार खांद्याला खांदा लावून चौखूर येतात. मैदानाच्या टोकाला मुकादमाची आरोळी आली की दहाही ठासणीच्या बंदुका एकदम उडवायच्या, अशा की लोकांना एकच आवाज ऐकू यावा. पथकाची सगळी अब्रू त्या एका आवाजात असते.

त्या दिवशी दोन आवाज झाले. एक आधी, एकटा. पापणी लवेपर्यंत उरलेले नऊ.

अल्लालच्या डाव्या हाताला, रांगेच्या टोकाला, त्याचा थोरला भाऊ दहमान होता, नजमा नावाच्या काळ्या घोडीवर, जिचा मागचा एक पाय तेवढा खुराजवळ पांढरा होता. पहिल्या आवाजाला नजमा बिचकली, रांगेतून कलली आणि तिचे पुढचे पाय एकमेकांत अडकले. धूर निवळला तेव्हा ती दहमानच्या अंगावर आडवी पडली होती. दोघंही हलत नव्हती.

दहमानला घरी आणलं. नजमाला संध्याकाळी खोगिरासकट ट्रॅक्टरला बांधून ओढत नेलं आणि कुरणामागच्या दगडाच्या जुन्या खाणीत पुरलं. त्या खोगिराला हात लावायला कुणी धजलं नाही.

अल्लालचा उतावळेपणा गावाला ठाऊक होता. सातव्याच महिन्यात जन्मला; "तिथंही धीर धरवला नाही," असं त्याची आई सांगायची. तिसरीत असताना मास्तर फळ्याकडे वळले तेव्हा त्याने खिडकीतून उडी टाकली, ती कायमची. आता तो बावीस वर्षांचा होता. पहिला बार आपलाच असणार असं त्याला वाटत होतं. पण ठामपणे सांगता येत नव्हतं. बोटाने चाप ओढला तो क्षण आठवायला गेलं की तिथे नुसता पांढरा धूर असायचा.

२

अल्लालच्या करड्या घोडीचं नाव रीम. रीम आणि नजमा एका वर्षाच्या, एकाच कुरणात वाढलेल्या. आता त्या कुरणात रीम एकटी उरली.

कुरण घरापासून अर्ध्या तासाच्या चालीवर होतं. भोवती दगडांचा गडगा, त्यावर निवडुंग. मध्ये एक विहीर आणि एका दाराची दगडी खोली. दाराला फळी नव्हती, नुसतं पोतं टांगलेलं. आत जव, खरारा, तोबरे आणि रीमचं खोगीर.

रीमने पहिल्या आठवड्यातच गडग्याच्या कडेने पायवाट पाडली. खाणीच्या बाजूला जायचं, मान उंच करून खिंकाळायचं, कान टवकारून थांबायचं, मग वळून परत. दिवसभर तेच. अंगावर घामाचा पांढरा फेस वाळलेला. जवाला तोंड लावलं तरी दोन घासांनी मान पुन्हा वर. तिसऱ्या आठवड्यात तिच्या फासळ्या मोजता येऊ लागल्या.

अल्लालला ते बघवत नसे. तो धावत जाऊन तिच्या गळ्यात पडायचा, दाव्याला हिसडे द्यायचा, "थांब ना, थांब गं!" म्हणून ओरडायचा आणि शेवटी स्वतःच रडायचा. रीम डोळ्यांचं पांढरं दाखवून आणखी जोरात फिरायची.

"तू तिला समजावतोयस की तिच्याकडून समजूत काढून घेतोयस?" गडग्यापलीकडून सी जिलाली म्हणाले. गाढवावर बसून ते कधी येऊन थांबले होते कोण जाणे. पांढरी दाढी, वाकलेलं नाक, बंदुकीने अर्धा बहिरा केलेला उजवा कान.

"मग काय करू? सांगा ना."

"काही करू नकोस. तेच तुला जमत नाही." ते गाढवावरून उतरले. "तोंडासमोर उभा राहू नकोस, खांद्याशी राहा. ती जिकडे बघते तिकडे बघ. लांब श्वास सोड. मग मानेच्या मुळाशी, खांद्याच्या उंचवट्यावर बोटं वाकवून खाजव, हळूहळू, दुसरी घोडी दातांनी खाजवते ना तसं. एवढंच."

"किती वेळ?"

"बघ! लागला किती वेळ विचारायला." ते हसले, मग गंभीर झाले. "पोरा, घोडं एकटं असलं की झोपत नाही. उभ्याउभ्या डुलकी घेतं, पण अंग टाकत नाही. दुसरं कुणी राखणीला उभं असेल तरच ते जमिनीवर आडवं होतं. ही एकवीस दिवस आडवी झालेली नाही. घोडं असं किती दिवस तग धरणार?"

किती दिवस, ते घरी आईने ठरवून टाकलं होतं. तिच्याच्याने ते खिंकाळणं ऐकवत नव्हतं. वारा समुद्राकडून असला की घरापर्यंत यायचं. "दहमानचा चाळिसावा झाला की येणाऱ्या गुरुवारच्या बाजारात," ती म्हणाली. "तोवर सावरली तर राहील. नाहीतर हाडं होण्याआधी दलालाला देऊ."

बाजारातून दलाल असली घोडी कुठे नेतो ते अल्लालला माहीत होतं. कसायाच्या दाराशी उभं राहायला घोडीला धष्टपुष्ट असावं लागत नाही.

३

पंचविसाव्या दिवशी सकाळी तो कुरणात पोचला तेव्हा समुद्राचं धुकं अजून गडग्यात अडकलेलं होतं. खिंकाळणं नव्हतं. पहिला विचार आला तो ती मेल्याचाच. तो गडग्यावरून उडी मारून धावला.

रीम विहिरीपाशी चरत होती. मान खाली, शेपूट सैल. तिच्या उजव्या कुशीला ओली माती होती. गालफडाला गवताची हिरवी रेघ.

ती झोपली होती. अंग टाकून, गाल जमिनीला टेकवून झोपली होती.

अल्लालने तिथल्या तिथे दोन्ही हात वर करून अल्लाहचे आभार मानले. मग तिच्या कुशीवरची माती हाताने झाडली, आणि झाडताझाडता त्याचा हात थांबला. दुसरं कुणी राखणीला उभं असेल तरच, असं म्हातारा म्हणाला होता.

त्याने मान वर करून कुरण न्याहाळलं. गडगा, निवडुंग, विहीर, खोली. धुक्यात कुठेतरी कातडं करकरलं. बारीक, दमलेला आवाज. मग लोखंड दगडाला लागल्यासारखं एकदा टक् झालं.

विहिरीची कप्पी असेल, तो मनाशी म्हणाला. चामड्याचा दोर, लोखंडी आकडा. दुसरं काय असणार? त्याने कप्पीला तेल घातलं, दोर घट्ट बांधला आणि रीमला खरारा करायला घेतला.

आता ती उभी राहायची, पण एका विचित्र तऱ्हेने. गडग्याकडे उजवी कूस करून. डावीकडे मोकळी जागा सोडून. तो त्या बाजूला आला की ती त्याला सामावून घ्यायची, मात्र आणखी एक पाऊल उजवीकडे सरकायची. एक माणूस आणि पलीकडे एक घोडा मावेल, एवढी जागा.

४

जागेचा अर्थ अल्लालला कुणी सांगायला नको होता.

सी जिलालींच्या पथकाची एक रीत होती. दौड संपली, सगळे उतरले की आपल्या घोड्याचा तंग, म्हणजे पोटाखालून खोगीर आवळणारा पट्टा, आपण सोडायचा नाही. प्रत्येकाने आपल्या डावीकडच्याच्या घोड्याचा सोडायचा. अगदी उजवीकडच्या टोकाचा राहतो, तो मुकादम सोडतो. "रांगेत एकमेकांच्या भरवशावर धावता ना? मग घामही एकमेकांचा मोकळा करा," असं ते म्हणत. तंग सुटल्याशिवाय घोड्याला पाणी नाही, स्वाराला चहा नाही.

त्यामुळे आठ वर्षं, दर दौडीनंतर, अल्लाल दोन घोड्यांच्या मध्ये उभा राहायचा. उजवीकडे त्याची रीम, डावीकडे नजमा. तो नजमाचं बक्कल चाचपायचा आणि नजमा मान वळवून त्याच्या डाव्या खांद्याला दातांनी चावे घ्यायची, आवर लवकर म्हणून. पलीकडून दहमान ओरडायचा, "बार काढायला पुढं, तंग सोडायला मागं! अरे, माझी घोडी तुला खाऊन टाकील!"

आता रीम जी जागा सोडत होती, ती तीच होती.

सवय, अल्लालने स्वतःला समजावलं. जनावराची सवय.

तिसाव्या दिवशी खरारा करताना त्याला तिच्या मानेच्या मुळाशी केस विस्कटलेले दिसले. डाव्या बाजूला. ओले, लाळेने चिकटलेले, आणि मधूनमधून दातांनी हलकेच ओढल्याच्या आडव्या खुणा. अशा खुणा त्याने लहानपणापासून पाहिल्या होत्या. दोन घोड्या समोरासमोर उभ्या राहून एकमेकींची खांद्याची खाज काढतात तेव्हा त्या उमटतात.

रीमची मान तिथवर वळत नाही. त्याने तिला गाजर दाखवून, वळवून पाहिलं. नाही पोचत.

तो संतापला. कुणीतरी आपला घोडा चोरून आपल्या कुरणात चारतंय, असं त्याने ठरवलं आणि तडक सी जिलालींना ओढत घेऊन आला. म्हातारा गुडघ्यांवर हात ठेवून सगळा गडगा फिरला. निवडुंगात कुठे फट नव्हती. फाटकाच्या तारेला गंज तसाच. विहिरीभोवतीच्या चिखलात टापा उमटल्या होत्या, सगळ्या एका मापाच्या, रीमच्या.

"तिच्याच आहेत," ते म्हणाले.

"आणि ह्या खुणा?"

सी जिलालींनी रीमच्या खांद्यावर तळहात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग हाताचा वास घेतला आणि हात आपल्या जुब्याला पुसला.

"अंग भरतंय तिचं," ते म्हणाले. "त्याकडे बघ. जे चाललंय ते चालू दे. तू फक्त मध्ये धडपडू नकोस."

"तुम्हाला काहीतरी माहीत आहे."

"मला एवढंच माहीत आहे की मी म्हातारा आहे आणि धुकं उतरायच्या आत मला घरी जायचंय." गाढवावर बसताना त्यांचा पाय दोनदा चुकला.

५

पस्तिसाव्या दिवशी दुपारीच धुकं आलं. समुद्राकडून पांढरी भिंत सरकत आली आणि कुरणावर बसली. अल्लाल खोलीत जवाच्या पोत्यावर पाठ टेकून पाव खात होता. उजेड दुधाळ होता. बाहेर रीम चरत होती. गवत उपटल्याचा खर्र खर्र आवाज मागच्या भिंतीपलीकडून येत होता.

त्या आवाजाचं त्याला बरं वाटत होतं. चरणाऱ्या घोड्याइतका निवांत आवाज जगात नाही. खर्र, मग चावणं. खर्र, मग चावणं. ते ऐकता ऐकता त्याचे डोळे मिटू लागले.

मग त्याच्या लक्षात आलं की चावणं थांबत नाहीये. एक जबडा चावत असतानाच गवत उपटलं जातंय.

त्याने पावाचा घास गिळला नाही.

दोन्ही आवाज भिंतीच्या कडेने सरकले. खोलीचा कोपरा आला. वळले. कातडं करकरलं. ती कप्पी नव्हती, विहीर तर दुसऱ्या अंगाला होती. टक्, भिंतीच्या दगडाला लोखंड लागलं. रिकीब. स्वार पाय घालतो त्या त्यांच्याकडच्या रिकिबी डब्यासारख्या मोठ्या, लोखंडी. दगडाला घासल्या की असाच आवाज करायच्या. पण रिकामी रिकीब झुलते, एकामागून एक ठोके देते. ही फक्त भिंतीला घासून गेली. जड, स्थिर.

रीमच्या पाठीवर खोगीर नव्हतं. रीमचं खोगीर खोलीत होतं, त्याच्या पायाशी.

दारावरचं पोतं जमिनीपासून हातभर वर संपत होतं. त्या हातभर फटीत आधी रीमचे करडे पाय आले, सावकाश, घास घेत पुढे गेले. मग थोडी मोकळी जागा गेली. मग काळे पाय. पुढचे दोन. मागचा एक. आणि शेवटचा, खुरापासून वर चार बोटं पांढरा.

पाय थांबले. पोतं आत फुगलं, कुणी त्यावर नाकाने श्वास सोडल्यासारखं, आणि परत सपाट झालं.

अल्लालला पुढचं आठवत नाही. मागच्या भिंतीतल्या हवेच्या भोकातून तो कसा बाहेर पडला, हे नंतर त्याला स्वतःलाच कळेना. त्या भोकातून मांजरसुद्धा अवघडून जाईल. तो घरापर्यंत धावला. एक वहाण कुरणात राहिली.

६

आई चुलीपाशी जवाची रोटी भाजत होती. तो दारात कोसळला तशी तिने त्याच्या सोललेल्या कोपरांकडे पाहिलं, एका अनवाणी पायाकडे पाहिलं, आणि रोटी उलटली.

"कोण मागं लागलंय?"

"कुणी नाही, यम्मा."

"मग कुणापासून पळालास?"

त्याने सांगून टाकलं. माती, खुणा, पाय, सगळं. ती वेड्यात काढेल, झाडपाल्याचा धूर करील, रडेल, असं त्याला वाटलं होतं. तिने त्यातलं काही केलं नाही. हात पुसून ती त्याच्याजवळ येऊन बसली.

"रीम झोपते?" तिने विचारलं.

"रोज."

"खाते?"

"फासळ्या दिसत नाहीत आता."

"मग विकायची नाही." ती म्हणाली. "लहान असताना तू रात्रीचा घाबरायचास. दहमान तुझ्या अंथरुणाच्या डाव्या बाजूला येऊन झोपायचा. दाराच्या बाजूला. दार उघडून काही आलं तर आधी मला खाईल, म्हणायचा. सात वर्षांचं पोर. मी त्याला कधी म्हटलं नाही की बाळा, तुझे उपकार. आई कुठे म्हणते असं?" तिने त्याच्या सोललेल्या कोपरावरची माती पुसली. "आज म्हणते."

अल्लालने तिच्या मांडीत डोकं खुपसलं. दफनाच्या दिवशी सगळे तिच्याभोवती आक्रोश करत होते तेव्हाही तो असा रडला नव्हता.

"चाळिसाव्याला हिला घेऊन जा कुरणात," ती पाठीमागे हात करून म्हणाली. परसात एकशिंगी शेळी बांधलेली होती. गावभर लोकांच्या कपड्यांना तोंड लावायची म्हणून तिच्या नावाने आईला रोज शिव्या खाव्या लागत. "घोडीला सोबत होईल. कुणाचे कपडेही वाचतील."

"पण सोबत आहे ना तिला."

आईने त्याच्या केसांतलं कोळिष्टक काढलं. "अरे, मेलेल्यांना किती दिवस राबवायचं?"

त्या रात्री तो पडून राहिला आणि त्याच्या कानात तो करकर आवाज फिरत राहिला. कातड्याचा, दमलेला. चाळीस दिवस होत आले. चाळीस दिवस त्या पाठीवर लोकरीचे सात नमदे आणि लाकडी खोगीर आवळलेलं, पाणी नाही, लोळण नाही. का?

त्याला कळलं तेव्हा तो उठून बसला.

धूर निवळल्यावर त्याने काय केलं होतं? रीमवरून उडी मारली होती, बंदूक फेकली होती आणि तो पळाला होता. निवडुंगाच्या कुंपणापर्यंत. तिथे ओकत बसला होता. पथकातल्या उरलेल्या आठही घोड्यांचे तंग त्या दिवशी रीतीप्रमाणे सुटले. रीमचा तिच्या उजवीकडच्याने सोडला. नजमाचा कुणी सोडला नाही, कारण तो सोडायचं काम एकाच माणसाचं होतं.

तंग सुटला की दौड संपते. घोडी लोळायला जाते, स्वार घरी जातो. हेही त्याला माहीत होतं. खोलीच्या दारावरच्या पोत्यावर पडलेला तो श्वास पुन्हा कधी येणार नाही. पहाटेपर्यंत त्याला वाटत राहिलं, राहू दे. आणखी थोडे दिवस. निदान उन्हाळ्यापर्यंत.

७

चाळिसाव्या दिवशी सकाळी धुकं इतकं दाट होतं की दोरीच्या टोकाची शेळी दिसत नव्हती. फाटकापाशी शेळीने चारही पाय रोवले. अल्लालने ओढलं नाही. त्याने तिला फाटकाला बांधलं आणि तो एकटा आत गेला.

रीम गडग्याशी उभी होती, डावीकडे जागा सोडून.

त्याचे पाय पळायला निघाले होते. ते त्याला स्पष्ट जाणवत होतं, जसा बंदुकीचा चाप बोटाखाली जाणवतो. त्याने त्यांना थांबवलं. तो रीमच्या खांद्याशी जाऊन उभा राहिला, तोंडासमोर नाही. ती जिकडे पाहत होती तिकडे पाहिलं. तिकडे पांढरं होतं. त्याने लांब श्वास सोडला, मग बोटं वाकवून तिच्या मानेच्या मुळाशी खाजवायला लागला, हळूहळू, दातांनी ओढावं तसं. किती वेळ ते त्याने मोजलं नाही. रीमची मान खाली आली. खालचा ओठ लोंबला.

कातडं करकरलं. डावीकडे, मागून, मग अगदी शेजारी.

त्याच्या डाव्या दंडाला ऊब लागली. घामाचा वास आला, ओल्या लोकरीचा, जळक्या बारुदाचा. त्याने मान वळवली नाही. पायांशी पाहिलंही नाही. समोरच्या पांढऱ्याकडे बघत तो उभा राहिला आणि त्याचे दात एकमेकांवर आपटत राहिले.

"खूया," तो म्हणाला. धाकटे भाऊ थोरल्याला जशी हाक मारतात तशी. मग पुन्हा म्हणाला. "खूया, पहिला बार माझा होता का?"

रीम चघळत होती. धुक्यात कुठेतरी शेळी ओरडली. दुसरं काही आलं नाही.

"बरं," अल्लाल म्हणाला. "ही झोपली, तुझ्यामुळे. जगली ती. यम्मानेही सांगितलंय, तुझे उपकार म्हणून. मी..."

डाव्या खांद्यावर दात लागले. सदऱ्याचं कापड चिमटीत धरून ओढल्यासारखे, एकदा, दोनदा. आवर लवकर.

त्याला हसू आलं. डोळे गळत असताना हसू आलं. त्याने डावा हात न बघता बाजूला नेला. बोटांना ओलं, गरम अंग लागलं. मग नमद्यांची जाड कड. मग तो हात सवयीने खाली घसरला आणि वाटेत रिकीब आली.

रिकीब रिकामी नव्हती. आत पाय होता. मऊ कातडी बूट, घोट्याशी शिवलेला. ती शिवण आईची होती.

स्वार वर असताना तंग सोडत नाहीत. अल्लालने हात तिथेच ठेवला आणि तो थांबला. घाई केली नाही. रीमने दोनदा शेपूट हलवली. दव निवडुंगावरून ठिबकत होतं. खूप वेळाने बुटाची टाच त्याच्या तळव्याखालून वर उचलली गेली. खोगीर पलीकडच्या अंगाला कललं, करकरलं, आणि सरळ झालं. पलीकडे जमिनीवर काहीतरी टेकलं, हलकेच. त्याच्या हाताखालची रिकीब झुलू लागली.

मग त्याने बक्कल शोधलं. कातडं फुगून घट्ट झालं होतं, जीभ निघेना. उजव्या हाताने रीमला खाजवणं न थांबवता त्याने डाव्या अंगठ्याचं नख त्यात घातलं, नख मोडलं, पुन्हा घातलं, आणि नजमाचा तंग सोडला.